खोडीची रात्र, खाऊची रात्र

एलिझाबेथ क्रेब्स यांचा आपल्या बागेवर फार जीव होता. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या हायवाथा या लहानशा गावात त्या राहायच्या, आणि दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या रात्री गावातली पोरं त्यांच्या फुलझाडांची नासधूस करून जायची. फुलझाडंच कशाला, त्या रात्री गावातलं कुठलंच अंगण सुरक्षित नसायचं. क्रेब्सबाईंनी पोलिसांची वाट धरली नाही. पोरांना त्या रात्री नाचवायचं, गाववायचं, फिरवायचं, इतकं दमवायचं की मोडतोड करायला अंगात त्राणच उरू नये, असं त्यांनी ठरवलं. १९१४ साली त्यांनी सगळं गाव कामाला लावलं. बँड आला, सोंगं घेतलेल्या मुलांची मिरवणूक निघाली, उत्तम सोंगाला बक्षीस ठेवलं गेलं. हायवाथात ही मिरवणूक आजही निघते.

या रात्रीच्या सणाच्या, हॅलोवीनच्या, इतिहासात राजे, पोप, कवी बरेच येतात. मला त्या सगळ्यांत या बागवाल्या बाई मोठ्या वाटतात. आज जगभर ओळखीचं झालेलं हॅलोवीनचं रूप, म्हणजे कोरलेले भोपळे, कागदी वटवाघळं, घरी शिवलेली सोंगं, दारोदार खाऊ मागत फिरणारी मुलं, हे सगळं फार प्राचीन नाही. ते साधारण चाळीस वर्षांत घडलं, १९१० ते १९५० च्या दरम्यान, उत्तर अमेरिकेतल्या लहान गावांत आणि शहरांच्या उपनगरांत. आणि ते घडवलं मुख्यतः बायकांनी: शाळामास्तरणींनी, महिला मंडळांनी, घरोघरच्या आयांनी. एका हुल्लडीच्या रात्रीला त्यांनी कात्री, खळ आणि खाऊ यांच्या जोरावर माणसाळवलं.

पण आधी ही रात्र आली कुठून ते पाहायला हवं.

आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या गेल लोकांचं वर्ष गुराढोरांच्या चालीने चालायचं. उन्हाळ्यात डोंगरावर चरायला नेलेली जनावरं ऑक्टोबरच्या अखेरीला खाली उतरवायची, हिवाळ्यात पोसता येणार नाहीत तेवढी मारायची, आणि अंधाऱ्या अर्ध्या वर्षाची सुरुवात करायची. या दिवसाला ते सॅवन म्हणत. त्या रात्री या जगाची आणि पलीकडच्या जगाची वेस उघडी राहते, असं जुन्या आयरिश कथांत पुन्हापुन्हा येतं. या कथा लिहून ठेवल्या त्या ख्रिस्ती मठांतल्या भिक्षूंनी, सॅवनचा मूळ धर्म मावळल्यानंतर कित्येक शतकांनी. म्हणून ड्रुइड पुरोहित त्या रात्री जनावरांची कातडी पांघरून भुतांना फसवत, अशी जी वर्णनं दरवर्षी छापून येतात, त्यांवर मी विसंबत नाही. गुरं खाली उतरायची, शेकोट्या पेटायच्या, मेलेल्यांची आठवण निघायची, एवढं मात्र पक्कं.

ख्रिस्ती चर्चने आपलं पंचांग याच दिवसांवर आणून ठेवलं. नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून पश्चिम युरोपभर स्थिरावला. इसवी सन १००० च्या आसपास फ्रान्समधल्या क्लुनी मठाचा प्रमुख ओडिलो याने २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, आणि तो पुढे सगळ्या कॅथलिक जगाने स्वीकारला. गोव्यातली आणि वसईतली ख्रिस्ती कुटुंबं त्या दिवशी दफनभूमीत जाऊन मेणबत्त्या लावतात, ती याच पंचांगाची तिथी पाळतात. ३१ ऑक्टोबर ही संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ.

इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसं आणि मुलं दारोदार जायची आणि घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या बदल्यात छोटे गोड केक घ्यायची. धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट चर्चने मृतांसाठी प्रार्थना मोडीत काढली, तरी चेशर आणि श्रॉपशर परगण्यांत हा रिवाज शेकडो वर्षं टिकला. स्कॉटलंडमध्ये मुलं तोंडाला काजळी फासून किंवा मुखवटा चढवून दारात यायची, गाणं म्हणायची, नक्कल करायची, आणि मग त्यांना अक्रोड-सफरचंदं मिळायची. काही केल्याशिवाय खाऊ मिळत नसे. आयर्लंडच्या घरांत त्या रात्री मनुका घातलेला गोड पाव व्हायचा. त्यात अंगठी, नाणं, चिंधी लपवलेली असायची. ज्याच्या तुकड्यात अंगठी निघेल त्याचं लग्न, नाणं निघेल त्याला पैसा, चिंधी निघेल त्याच्या नशिबी दारिद्र्य. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने १७८५ मध्ये या रात्रीवर दीर्घ कविता लिहिली, तीत भुतांपेक्षा तरुण मुला-मुलींचे भविष्य पाहण्याचे खेळच जास्त आहेत. चुलीत दोन हेझलनट शेजारी शेजारी ठेवायचे, ते शांतपणे जळले तर जोडी जमणार, उडाले तर मोडणार.

आणि कंदील. आयर्लंडमध्ये तो भोपळ्याचा नसे, सलगमाचा असे. सलगम आतून कोरून काढणं मोठं कष्टाचं काम आहे, गर टणक असतो. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय ग्रामजीवन संग्रहालयात डॉनेगलमधल्या अशा एका जुन्या कंदिलाची प्लास्टरमध्ये घेतलेली प्रतिकृती आहे. ती पाहिली की भोपळ्याचा हसरा चेहरा विसरायलाच होतो. खोल गेलेले डोळे, विचकलेले दात, सुकलेल्या मुंडक्यासारखा आकार.

१८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचं पीक कुजलं, आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि रोगाने मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यांतली पुष्कळ अमेरिकेत पोचली. स्कॉटिश लोक आधीपासून तिथे आणि कॅनडात होतेच. त्यांच्याबरोबर ही रात्र समुद्रापार गेली. नव्या मुलुखात मक्याच्या शेतात लाल भोपळे लोळत होते, मोठे, स्वस्त, कोरायला मऊ. मूळच्या अमेरिकी लोकांनी हजारो वर्षं पिकवलेल्या या फळभाजीने सलगमाला कायमची सुट्टी दिली.

खोड्याही त्यांच्याबरोबर गेल्या. आयर्लंडच्या खेड्यात शेजाऱ्याचं फाटक काढून दुसऱ्याच्या शेतात ठेवणं किंवा धुराड्याच्या तोंडावर गवताची पेंढी कोंबणं हे त्या रात्रीपुरतं माफ असे, कारण फाटक कोणी पळवलं हे सगळ्यांना ठाऊक असे आणि सकाळी ते परत मिळे. आपल्याकडे होळीसाठी लाकडं आणि गोवऱ्या पळवणाऱ्या पोरांना गाव जसं शिव्या देत देत सोडून देतं, तसाच तो प्रकार होता. अमेरिकेच्या खेड्यांतही सुरुवातीला हेच चालायचं. परसातली लाकडी संडासं आडवी पाडायची, घोडागाडी सुटी करून गोठ्याच्या छपरावर नेऊन पुन्हा जोडायची, गाई गावाच्या मुख्य रस्त्यावर सोडायच्या.

शहरात मात्र या रात्रीचं रूप पालटलं. तिथे फाटक ओळखीच्या माणसाचं नसतं. दुकानांच्या काचांवर साबण फासण्यापासून सुरू होणारी गंमत काचा फोडण्यापर्यंत जाऊ लागली. ट्रामच्या रुळांना वंगण चोपडायचं, मोटारींच्या चाकांतली हवा सोडायची, आगीची खोटी वर्दी द्यायची. १९२० च्या दशकात ही तक्रार देशभराची झाली. पुढे महामंदी आली. बेकारी, रिकामी घरं, भुकेली आणि चिडलेली तरुण पोरं. १९३३ ची हॅलोवीन इतकी वाईट गेली की काही शहरांत तिला काळी हॅलोवीन म्हटलं गेलं. मोटारी उलथवल्या गेल्या, टेलिफोनचे खांब करवतीने कापले गेले. सणच बंद करावा, अशी मागणी अनेक ठिकाणी होऊ लागली.

क्रेब्सबाईंची युक्ती तोवर इतर गावांनाही सुचलेली होती. मिनेसोटातल्या अनोका गावाने १९२० मध्ये अशीच मोठी मिरवणूक काढली, मुलांना लाह्या, शेंगदाणे आणि गोळ्या वाटल्या, शेकोटी पेटवली. १९३७ मध्ये त्या गावाचा एक बारा वर्षांचा पेपर टाकणारा मुलगा गावाचा दावा घेऊन वॉशिंग्टनला गेला. तेव्हापासून अनोका स्वतःला जगाची हॅलोवीन राजधानी म्हणवतं. पण मिरवणूक वर्षातून एकदा, एका रस्त्यावर, एखाद-दोन तास. घरात काय करायचं, मुलांना तीन आठवडे आधीपासून कशात गुंतवायचं, याचं उत्तर एका कागदाच्या कंपनीकडे होतं.

मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम इथे डेनिसन कंपनीचा कारखाना होता. १८४४ मध्ये दागिन्यांच्या कागदी डब्या बनवण्यापासून तिची सुरुवात झाली. मग लेबलं, चिठ्ठ्या, आणि शतकाच्या अखेरीस क्रेप पेपर. या कागदाला बारीक सुरकुत्या असतात, त्यामुळे तो एका दिशेने ताणता येतो, बोटांनी त्याची कड लहरी करता येते, चुण्या घालता येतात आणि चक्क शिवणयंत्रावर शिवता येतो. कंपनीला कागद खपवायचा होता. लोकांना कागदाचं करायचं काय हे सुचत नव्हतं. म्हणून १९०९ मध्ये कंपनीने एक छोटं पुस्तक काढलं, ‘बोगी बुक’. १९१२ पासून ते जवळजवळ दरवर्षी निघू लागलं, थेट १९३० च्या दशकापर्यंत. किंमत काही सेंट.

ही पुस्तकं आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात, आणि ते साहजिक आहे. त्यांतली काळी-नारिंगी चित्रं पाहताना आपण आज ज्याला हॅलोवीन म्हणतो ते पानापानावर जन्माला येताना दिसतं. झाडूवर बसलेल्या चेटकिणीची काळी आकृती, पाठ कमानीसारखी वाकवलेली मांजर, घुबड, चंद्रकोर. जेवणाच्या टेबलाच्या कडेला कागदी झालर कशी लावायची, दिव्यावर नारिंगी कागदाचं झाकण कसं बसवायचं, दारात पट्ट्यांचा पडदा कसा सोडायचा म्हणजे अंधारात आत शिरणाऱ्याच्या तोंडावर तो सळसळेल. पाहुण्यांनी यायचं कसं, त्यांना कुठले खेळ खेळायला लावायचे, कुठल्या क्रमाने. आणि सोंगं. जुन्या सुती परकरावर किंवा स्वस्त मांजरपाटाच्या झग्यावर क्रेप पेपरच्या चुण्या टाके घालून बसवायच्या, वर पुठ्ठ्याची टोकदार टोपी. एका रात्रीत भोपळा, एका रात्रीत वटवाघूळ. पाऊस आला की रंग ओघळणार आणि दुसऱ्या दिवशी सोंग फाटून जाणार, पण दुसऱ्या दिवशी ते लागणारही नसे.

यात व्यापार होता, हे उघड आहे. तरी या पुस्तकांनी एक मोठी गोष्ट केली. त्यांनी हातात पैसा नसलेल्या घराला सण करता येईल असं साधन दिलं. जर्मनीतून येणारे कागदी लगद्याचे सुंदर कंदील आणि पुतळे पैसेवाल्यांसाठी होते. महायुद्धाने तो ओघ तुटला. पेनसिल्व्हेनियातल्या बीस्टल कंपनीने मधमाशीच्या पोळ्यासारख्या उलगडणाऱ्या कागदी सजावटी बनवायला घेतल्या. पण कागदाची गुंडाळी, खळ आणि कात्री याहून स्वस्त काही नव्हतं. आणि ज्या मुलाने आठ दिवस बसून स्वतःचं वटवाघूळ कातरलं आहे, त्याला त्या रात्री कोणाचं तरी फाटक मोडण्यापेक्षा आपलं वटवाघूळ दाखवण्याची जास्त घाई असते. हे कुठल्याही शाळामास्तरणीला पोलिसांच्या फार आधी कळलेलं होतं.

मंदीच्या वर्षांत तर कागदाचीही काटकसर करावी लागली. तेव्हा शेजारच्या घरांनी खर्च वाटून घेतला. मुलांचा घोळका एका घरी जाई, तिथे फक्त मुखवटे मिळत. दुसऱ्या घरी खेळ. तिसऱ्या घरी तळघरात भुताटकी. चौथ्या घरी खाणं. या तळघरांसाठी १९३७ मध्ये छापून आलेल्या सूचना वाचल्या की आयांच्या कल्पकतेचं कौतुक वाटतं. अंधारात चाचपडत उतरणाऱ्या मुलाच्या हाताला भिंतीवर जुन्या फरचे तुकडे आणि कच्च्या कलेजीच्या पट्ट्या लागाव्यात, वरून टांगलेला ओला स्पंज त्याच्या गालाला चाटून जावा, कोपऱ्यातून कण्हण्याचे आवाज यावेत. पैसा जवळजवळ शून्य. आज तिकीट काढून जी भुताटकीची घरं पाहायला जातात, त्यांची एक मुळी या तळघरांत आहे.

मोठ्या मुलींच्या, तरुणांच्या पार्ट्या होत्याच. पण रस्त्यावरच्या टोळक्यांना आत कसं घ्यायचं, हा प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर दारातच सापडलं.

‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, ही आरोळी पहिल्यांदा छापलेली सापडते ती कॅनडात. १९१७ मध्ये ऑन्टॅरिओतल्या सू सेंट मेरी गावच्या बातमीत, मग १९२७ मध्ये आल्बर्टातल्या ब्लॅकी नावाच्या खेड्याच्या बातमीत. कॅनडाच्या त्या गवताळ मैदानांत स्कॉटिश वस्ती दाट होती, दारोदार सोंगं घेऊन जाण्याची चाल त्यांना माहीत होती. पण गाणं म्हणून खाऊ मिळवण्याच्या जागी आता तह आला होता. घरमालकाने खाऊ दिला तर त्याचं फाटक वाचेल. १९३० च्या दशकात हा तह अमेरिकेच्या पश्चिम भागात पसरला. नोव्हेंबर १९३९ मध्ये ‘अमेरिकन होम’ या खपाच्या मासिकात डॉरिस हडसन मॉस या लेखिकेने आपल्या घरचा अनुभव लिहिला. आधी त्यांचंही घर दरवर्षी साबणाने माखायचं. मग त्यांनी त्या रात्री घर सताड उघडं ठेवायला सुरुवात केली, गल्लीतल्या मुलांना आत बोलावलं, डोनट आणि सफरचंदाचा रस दिला. काचांवर साबण पडेनासा झाला. देशभरच्या वाचकांपुढे ही आरोळी आणि तिच्यावरचा उतारा एकत्र आले ते या लेखात.

तेवढ्यात युद्ध. १९४२ मध्ये साखर रेशनवर गेली. खोड्यांना आता देशद्रोहाची झाक आली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराच्या शाळाप्रमुखांनी मुलांना पत्र लिहून बजावलं की टायरची हवा सोडणं ही आता गंमत राहिली नाही, तो घातपात आहे. शिकागोच्या नगर परिषदेने त्या वर्षी हॅलोवीन रद्द करून ३१ ऑक्टोबर हा बचतीचा दिवस पाळण्याचा ठराव केला. ठरावाने सण गेला नाही. सणासाठी साखर मात्र नव्हती.

जून १९४७ मध्ये साखरेवरचं रेशन उठलं, आणि त्या ऑक्टोबरला जणू बांध फुटला. युद्धातून परतलेले तरुण बाप झाले होते, नवी उपनगरं उभी राहत होती. सारखी घरं, एकमेकांना लागून दारं, गल्लीभर लहान मुलं. दारोदार फिरण्यासाठी याहून सोयीची रचना असू शकत नाही. मुलांच्या मासिकांनी त्या महिन्यात ट्रिक ऑर ट्रीटच्या गोष्टी छापल्या, रेडिओवरच्या विनोदी मालिकांत त्यावर भाग झाले, आणि १९५२ मध्ये डिस्नेने डोनल्ड डक आणि त्याच्या भाच्यांना घेऊन याच विषयावर कार्टून काढलं. अमेरिकेच्या कोपऱ्याकोपऱ्यांतल्या मुलांना दारात काय म्हणायचं ते पाठ झालं.

सगळ्यांना ते रुचलं नव्हतं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर बॉइज क्लबच्या मुलांनी मिरवणुकीत फलक धरला होता की अमेरिकन मुलं भीक मागत नाहीत. धमकी देऊन गोळ्या उकळायला शिकवतो आहोत, असं अनेक वडीलधाऱ्यांना वाटायचं. मला ही टीका समजते, पण पटत नाही. मूल दारात नुसतं हात पसरून उभं राहत नव्हतं. ते सोंग घेऊन येत होतं. आईने रात्री जागून शिवलेला ससा, बापाच्या जुन्या कोटात बुडालेला भटक्या, दोन भोकं पाडलेल्या चादरीतलं भूत. दार उघडणारी शेजारीण आधी ते सोंग निरखायची, कोण आहे ते ओळखायचा खेळ करायची, मुद्दाम घाबरायची, आणि मग लाह्यांचा पाकातला लाडू हातावर ठेवायची. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होती.

त्या सोंगांत काळी बाजूही होती, आणि ती झाकून हा इतिहास सांगता येणार नाही. बूच जाळून तोंड काळं करून कृष्णवर्णीयांची टवाळी, पिसं खोचून मूळ अमेरिकी लोकांची नक्कल, जिप्सी म्हणून रंगवलेल्या बायका. बोगी बुकच्या काळापासून हे सोंगांच्या यादीत सहज असायचं. ज्यांच्या नकला होत होत्या ती मुलं त्याच शहरात राहत होती, आणि गोऱ्या उपनगरांच्या त्या दारांवर त्यांना जाता येत नव्हतं. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीनंतर या सोंगांना उघड विरोध होऊ लागला, आणि तो अजून संपलेला नाही.

कागदी सोंगांना मेणबत्तीचं भय होतं. चुण्यांचा कागद क्षणात पेट घेतो. १९५३ मध्ये अमेरिकेत ज्वालाग्राही कापडाविरुद्ध कायदा झाला, आणि त्यामागे १९४० च्या दशकात पेटलेले काउबॉयचे पोशाख आणि त्यांत भाजलेली मुलं होती. त्याच सुमारास डबाबंद सोंगं स्वस्त झाली. न्यूयॉर्कच्या बेन कूपर कंपनीसारखे कारखाने सिनेमातली, रेडिओवरची पात्रं करायचे. रबरी दोरीने कानामागे अडकवायचा पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा आणि छातीवर त्याच पात्राचं चित्र छापलेला झगा. मुलांना ते हवंच असायचं. घरची शिवण मागे पडू लागली, तरी संपली नाही. सिंप्लिसिटी आणि मॅककॉल या कंपन्यांचे कापड बेतण्याचे कागद दर शरदात खपत राहिले.

या वर्षांतली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट १९५० ची आहे. फिलाडेल्फियामध्ये मेरी एमा ॲलिसन या शिक्षिका आणि त्यांचे पाद्री पती क्लाइड यांच्या मनात आलं की मुलं दारोदार जाणारच आहेत, तर स्वतःसाठी गोळ्यांबरोबर दुसऱ्या मुलांसाठी काही मागतील का. मेरी एमा यांना एका मोठ्या दुकानात युनिसेफचं टेबल दिसलं होतं. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांतल्या मुलांसाठी तिथे दुधाची भुकटी पाठवण्याचं काम चालत असल्याचं कळलं. त्या हॅलोवीनला दुधाचे रिकामे खोके रंगवून मुलं निघाली आणि १७ डॉलर गोळा करून आली. पुढे अमेरिका आणि कॅनडाभरची लाखो मुलं नारिंगी डबे घेऊन फिरू लागली. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३१ ऑक्टोबर हा युनिसेफ दिवस म्हणून जाहीर केला. मेलेल्यांसाठी केक मागत फिरणाऱ्या मध्ययुगातल्या गरीब मुलांपासून इथपर्यंत एक धागा आहे, असं मला मनापासून वाटतं.

दाराच्या आत शिजलेला खाऊ मात्र टिकला नाही. मी या इतिहासात सर्वांत हळहळतो तो याच जागी. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अफवा पसरू लागल्या की अनोळखी माणसं सफरचंदात ब्लेड घालतात, गोळ्यांत विष कालवतात. ३१ ऑक्टोबर १९७४ रोजी टेक्सासमधल्या डीअर पार्क इथे आठ वर्षांचा एक मुलगा सायनाइड घातलेली गोड भुकटी खाऊन मेला. देश हादरला. तपासात निघालं ते भयंकर होतं. विष अनोळखी माणसाने दिलं नव्हतं, विम्याच्या पैशासाठी त्याच्या बापानेच दिलं होतं. तरी लोकांच्या मनात राहिला तो अनोळखी माणूस. १९८२ च्या सप्टेंबरात शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड घातलं, सात माणसं गेली, आणि महिन्याभराने हॅलोवीन आली. इस्पितळांनी मुलांच्या खाऊच्या पिशव्या क्ष-किरण यंत्राखाली धरायला सुरुवात केली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट १९८० च्या दशकापासून या बातम्या एकेक करून तपासत आले आहेत. हॅलोवीनच्या खाऊतून अनोळखी माणसाने मूल मारल्याचं एकही सिद्ध झालेलं उदाहरण त्यांना आढळलेलं नाही.

लाह्यांचे लाडू, घरचे डोनट, साखरेच्या वड्या, सफरचंदाचा रस, सगळं त्या भीतीत गेलं. कारखान्यात सीलबंद झालेली छोटी चॉकलेटं तेवढी चालू लागली. आज न्यू जर्सीतल्या मराठी घरांत दाराशी ठेवलेल्या परातीतही तीच असतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच ३१ ऑक्टोबरला आल्या. आत डबे भरून चकल्या असल्या, तरी दारात आलेल्या परक्या मुलाच्या पिशवीत पडायचं ते कागदात गुंडाळलेलं चॉकलेटच.

पण हातांना काम देण्याची ती जुनी खोड मेली नाही, हेही त्याच तारखेने दाखवून दिलं. टेक्सासमध्ये तो मुलगा गेला त्याच रात्री, ३१ ऑक्टोबर १९७४ ला, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये राल्फ ली या मुखवटेकाराने आपल्या घरी आणि नाटकांसाठी बनवलेले सगळे मुखवटे आणि माणसाहून मोठ्या बाहुल्या बाहेर काढल्या. थिएटर फॉर द न्यू सिटी या छोट्या नाट्यसंस्थेच्या मदतीने त्याने शेजाऱ्यांना हाका मारल्या, बाहुल्या त्यांच्या हातांत दिल्या, आणि मुलाबाळांसह गल्लीबोळांतून मिरवणूक काढली. कोणी तिकीट काढलं नाही, कोणाच्या दारात गोळ्या मागितल्या नाहीत. वाटेत लोक घरातून बाहेर येऊन चालू लागले. दुसऱ्या वर्षी आणखी आले, त्यांतले बरेच स्वतः रंगवलेले मुखवटे घालून. १९८५ पर्यंत गर्दी इतकी वाढली की अरुंद गल्ल्या पुरेनात आणि मिरवणूक सहाव्या ॲव्हेन्यूच्या रुंद रस्त्यावर न्यावी लागली. ली यांनी त्या सुमारास मिरवणुकीची सूत्रं सोडली आणि ते पुन्हा आपल्या कार्यशाळेत बाहुल्या बनवायला गेले. मिरवणूक पुढे चालूच राहिली. २००१ मध्ये, जुळे मनोरे कोसळल्याला दोन महिनेही झाले नसताना, ती निघाली. २०१२ मध्ये सँडी वादळामुळे ती रद्द करावी लागली. तीत सामील व्हायला एकच अट आहे. सोंग घेऊन या.